पाण्याखाली बघायचंय की दिसायचंय?

सुट्टीच्या दिवसांत मालवणच्या जेटीवर उभे राहा आणि पर्यटकांचे प्रश्न ऐका. ‘व्हिडिओ मिळणार ना?’ ‘मासे नक्की दिसतील ना?’ ‘सहा जण आहोत, किती कमी कराल?’ भरती केव्हा आहे, हे विचारणारा एखादाच. तो बहुधा मालवणचाच असतो.

स्नॉर्केलिंग तसं साधं आहे. डोळ्यांवर मास्क, तोंडात नळी आणि पाण्यावर पालथं पडून खाली पाहायचं. करायचं काहीच नाही, फक्त बघायचं.

नेमकं तेच आपल्याला जमत नाही.

बघण्यासारखं काय आहे? पुष्कळ आहे. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सिंधुदुर्गाचं बांधकाम सुरू केलं, १६६७ मध्ये किल्ला उभा राहिला. त्याच परिसरातल्या पाण्याखालच्या खडकांवर प्रवाळाची वस्ती आहे. किल्ला आपण मान वर करून बघतो. प्रवाळावर मात्र उभे राहतो.

हो, उभे राहतो. दमलो की, घाबरलो की, मास्कमध्ये पाणी शिरलं की पाय आपोआप खाली जातात आणि काहीतरी टणक लागतं. ‘दगड लागला’ म्हणून जीव भांड्यात पडतो.

तो दगड नसतो. तो प्राणी असतो.

प्रवाळ म्हणजे हजारो इवल्याशा जिवांची वसाहत. हे जीव पाण्यातला चुना घेऊन स्वतःचं घर बांधतात. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवालं राहतात, तीच त्यांचं बरंचसं अन्न तयार करतात. घुमटासारखं वाढणारं पोराइट्स जातीचं प्रवाळ वर्षाकाठी सेंटिमीटरभर वाढलं तरी खूप झालं. म्हणजे फुटबॉलएवढा गोळा तयार व्हायला दहा वर्षं सहज लागतात. मोडायला एक टाच पुरते.

सिंधुदुर्गात शिवराजेश्वराचं मंदिर आहे. तिथे चपला बाहेर काढा, असं कोणाला सांगावं लागत नाही. महाराजांच्या हातापायाचे ठसे घुमटीत जपलेले आहेत, तिथे प्रत्येक जण हात जोडतो. मग तटाबाहेर येऊन पाण्यात उतरल्यावर आपल्या पायांना हा संस्कार का आठवत नाही?

कारण पाण्यात फोटो वरून काढतात. पाय दिसत नाहीत.

आता कायदा. खडक बांधणारी सगळी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. त्याच परिशिष्टात वाघ आहे. संरक्षित प्राण्याला इजा करणं, त्याच्या शरीराचा तुकडा काढणं, हे सगळं कायद्याच्या लेखी शिकारीत मोडतं. शिक्षा किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात. ताडोब्यात वाघ दिसला की आपण श्वास रोखून जीपमध्ये बसून राहतो. मालवणात त्याच दर्जाच्या प्राण्याचा तुकडा ‘आठवण’ म्हणून पिशवीत टाकतो.

प्रवाळ डरकाळी फोडत नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

आणखी एक गोष्ट. मालवणचा हा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर, त्यातला ३.१८२ चौरस किलोमीटरचा गाभा. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड याच गाभ्यात येतात. जेटीवर बोटीत पाय ठेवणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं? अभयारण्य म्हटलं की आपल्याला झाडं हवीत, गेट हवं, खाकी कपड्यातला माणूस हवा. पाण्याला गेट नसतं.

स्थानिक मच्छीमारांनी या अभयारण्याला विरोध केला, हे खरं. का केला? पिढ्यान् पिढ्या ज्या पाण्यात जाळं टाकलं, तिथे उद्या आपल्यालाच मज्जाव होईल, ही भीती होती. ती खोटी म्हणता येईल का? रापणकर मच्छीमाराला विश्वासात घेतलं नाही, पर्यटकाला काही सांगितलं नाही. मग अभयारण्य राहिलं कुठे?

कागदावर. तिथे एकही प्रवाळ उगवत नाही.

आता ब्रेडची गोष्ट. मासे जमावेत म्हणून पाण्यात ब्रेड, बिस्किटं टाकण्याची पद्धत आहे. ढगासारखे मासे भोवती गोळा होतात, कॅमेरा खूश, गिऱ्हाईक खूश. पण खडकावरचं शेवाळ खाऊन प्रवाळ मोकळं ठेवणं हे अनेक माशांचं काम आहे. त्यांना फुकटच्या मैद्याची सवय लागली, की शेवाळ वाढतं आणि प्रवाळ त्याखाली गुदमरतं. मासे बघायची घाई झाली म्हणून आपण माशांचं घरच मोडतो.

नांगराचंही तेच. बोट थांबवायची तर नांगर टाकावा लागतो. तो लोखंडी नांगर खडकावर पडतो, घासतो, ओढला जातो. रोज, त्याच त्याच जागी. यावर उपाय जगभर वापरात आहे: तळाशी एकदाच पक्का आधार बसवायचा आणि वर कायमचा बोया सोडायचा. बोटवाला बोयाला दोर बांधतो, नांगर बोटीतच राहतो. यात अवघड काय आहे? पैसे फार लागतात असंही नाही. कोणीतरी ते आपलं काम मानावं लागतं, एवढंच.

एवढंच आपल्याकडे सगळ्यात महाग असतं.

समुद्र तापतोय, त्याचं काय, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. नेहमीच्या उन्हाळी तापमानापेक्षा एखादा अंश सेल्सिअस जास्त उष्णता काही आठवडे टिकली, की प्रवाळ आपल्यातली शैवालं बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. जगभरातली अशी चौथी मोठी लाट सुरू असल्याचं एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालं. पांढरं पडलेलं प्रवाळ पुन्हा सावरू शकतं, पण त्यासाठी त्याला उसंत मिळावी लागते. समुद्राचं तापमान मालवणच्या हातात नाही. नांगर आहे.

निवती रॉकजवळ नौदलाची निवृत्त नौका ‘गुलदार’ समुद्रतळाशी ठेवून पाण्याखालचं संग्रहालय करण्याची योजना राज्याने आखली. कल्पना वाईट नाही. नैसर्गिक प्रवाळावरची गर्दी त्यामुळे हलकी होऊ शकते. पण मग किल्ल्याभोवतीच्या काही खडकांना सुट्टी मिळणार का? ती मिळाली नाही, तर गर्दी हलकी होणार नाही, दोन ठिकाणी होईल.

पोलादावर प्रवाळ बसायला वर्षं जातात. खडकावर बसलेलं आजच सांभाळता येतं.

बाहेर काय करतात, ते बघा. हवाईतल्या हनौमा बे या उपसागरात पाण्यात उतरण्याआधी प्रत्येक नव्या पाहुण्याला नऊ मिनिटांची फिल्म बघावी लागते. कुठे पाय ठेवायचा नाही, कशाला हात लावायचा नाही, मासे का खिलवायचे नाहीत, हे सगळं त्यात असतं. शिवाय सोमवारी आणि मंगळवारी किनारा बंद. माशांना विश्रांती. थायलंडने माया बे २०१८ मध्ये बंद केला, थेट २०२२ मध्ये उघडला, आणि उघडल्यावरही माणसांच्या संख्येवर मर्यादा घातली. मधल्या काळात तिथल्या उथळ पाण्यात काळ्या टोकाच्या पंखांचे शार्क परतले.

त्यांचा धंदा बुडाला का? लोक आजही रांगा लावून जातात.

‘पण आमच्या पोटाचं काय?’ असं मालवणचा बोटवाला विचारेल. त्याने विचारलंच पाहिजे. जूनमध्ये समुद्र बंद होतो, पावसाळाभर कमाई नाही. वर्षाची मिळकत आठ महिन्यांत उभी करायची असते. याच सिंधुदुर्ग जिल्ह्यात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने मोठा किनारा-संवर्धन प्रकल्प झाला, स्थानिक तरुणांना प्रशिक्षण मिळालं. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा डायव्हिंग शिकवणारी संस्था आहे. म्हणजे जाणती माणसं गावातच आहेत. दर पाडायला त्यांना कोण लावतं?

आपण. एका बोटीपासून दुसरीपर्यंत घासाघीस करत जाणारे आपण.

पाच हजारांच्या खोलीत उतरायचं आणि पाण्याखाली आपला श्वास ज्याच्या हातात आहे, त्याच्याशी शंभर रुपयांवरून वाद घालायचा. दर उतरला की काय उतरतं? गाइड कमी होतात. एका गाइडमागे दोनऐवजी पाच पर्यटक येतात. समजावून सांगण्याची दहा मिनिटं दोनवर येतात. जुना मास्क आणखी एक हंगाम चालवला जातो. स्वस्तातल्या पॅकेजची किंमत कोणीतरी भरतच असतं.

कधी प्रवाळ. कधी माणूस.

माणसांचं बोलायलाच हवं. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबा करून परतणारी बोट उलटली, दोन पर्यटक गेले. प्रत्येक वेळी तेच होतं: हळहळ, चौकशी, फलक. मग पुढची सुट्टी येते आणि फलकाला टेकून सेल्फी काढले जातात.

समुद्र कपटी नाही. त्याचं वेळापत्रक कालनिर्णयवर छापलेलं असतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सौम्य भरती. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते, हा हिशेब किनाऱ्यावरचं पोरही तोंडी करतं. चतुर्थी म्हणजे तीन वाजता. आठ म्हणजे सहा. आपण शेअर बाजाराचे आलेख वाचतो. चारला पाऊण लावता येत नाही?

लाटांचंही तसंच. किनाऱ्यावर दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मधेच एक शांत पट्टा दिसतो. लहान मुलांना घेऊन आपण नेमके तिथे उतरतो. अनेकदा किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच परत आत जात असतं. तो ओढणारा प्रवाह असतो. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका, दमाल. किनाऱ्याला समांतर पोहा, ओढ संपली की वळा. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे ओहोटीला पाण्याचा जोर काय असतो, ते होडीवाल्याला विचारा. मग उतरायचं की नाही ते ठरवा.

नदीला सुट्टी नसते.

आणि जीन्स. जीन्स घालून समुद्रात जाणारा माणूस जगात आणखी कुठे दिसत असेल? ओली जीन्स पायांना जखडून ठेवते. साडी, ओढणी, दुपट्टा यांचंही तेच. लाज वाटत असेल तर पूर्ण बाह्यांचा, पूर्ण पायांचा पोहण्याचा पोशाख मिळतो. त्याने ऊन लागत नाही आणि सनस्क्रीन कमी लागतं. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर हवाईने २०२१ पासून बंदी घातली, पलाऊने त्याआधी वर्षभर. प्रवाळासाठी. आपण पाठीला फासून तेच पाण्यात सोडतो.

स्नॉर्केलिंगमधली सगळ्यात भीतीदायक गोष्ट शार्क नाही. तोंड खाली करून तरंगणारा माणूस आणि तोंड खाली करून बुडत असलेला माणूस वरून अगदी सारखे दिसतात. बुडणारा सिनेमातल्यासारखा ओरडत नाही, बहुतेकदा आवाजच येत नाही. म्हणून एकट्याने उतरायचं नाही. सोबत्याने सोबत्यावर नजर ठेवायची. दारू पिऊन तर नाहीच नाही.

मग जीवरक्षक कशाला आहेत? गोव्याने २००८ पासून किनाऱ्यांवर व्यावसायिक जीवरक्षक सेवा उभी केली. आपल्याकडे अनेक किनाऱ्यांवर हा भार ग्रामपंचायतीच्या तुटपुंज्या मानधनावर आणि मच्छीमारांच्या चांगुलपणावर आहे. बुडणाऱ्याला काढायला सगळ्यात आधी तोच गाबीत मच्छीमाराचा पोरगा उडी मारतो, ज्याच्याशी तासाभरापूर्वी शंभर रुपयांवरून वाद झालेला असतो.

सरकारकडे मागणी लांबलचक नाही. किल्ल्याभोवती कायमचे बोये बसवा. एका गाइडमागे किती माणसं, हे ठरवा आणि मोजा. उतरण्याआधी दहा मिनिटांची मराठीतली सूचना सक्तीची करा. काही खडकांना आळीपाळीने विश्रांती द्या. ब्रेड बंद करा. आणि हे सगळं मच्छीमारांना सोबत बसवून ठरवा, नाहीतर तेही कागदावरच राहील.

वाचकांकडे मागणी त्याहून छोटी आहे. मालवणला जाण्याआधी आपल्या गावातल्या तलावात निदान तरंगायला शिका. दर पाडू नका, गाइड किती आहेत ते विचारा. पाण्यात पाय टेकू नका, कशाला हात लावू नका, काही उचलू नका. पावसानंतर गढूळ झालेलं पाणी नोव्हेंबरपासून निवळतं आणि फेब्रुवारीपर्यंत बरं असतं, तेव्हा जा.

आणि तरंगता येत नसेल तर किल्ला बघा, माशाचं जेवण जेवा, सोलकढी प्या. पाण्यात उतरू नका.