करडेकाका

करडेकाकांचं आडनाव करडे नाही. लेटरबॉक्सवर खरं आडनाव आहे, पण आमचा वॉचमन कुरिअरवाल्याला ‘करडे, दुसरा मजला’ असंच सांगतो. बँकेतून निवृत्त झाल्यावर माणसं भजनी मंडळात जातात, टेकडी चढतात, गेलाबाजार सोसायटीचे सेक्रेटरी तरी होतात. काकांनी फोटो छापायचा इंकजेट प्रिंटर घेतला. त्याला ६ वर्षं झाली. या ६ वर्षांत त्यांनी छापलेले फोटो एका हाताच्या बोटांवर मोजावेत, तरी अंगठा उरेल. पट्ट्या मात्र ढिगानं छापल्या.

पट्टी म्हणजे २१ चौकोनांची ओळ. पहिला चौकोन कोरा कागद, शेवटचा होईल तितका काळा, आणि मधे दर पायरीला ५ टक्क्यांनी काळेपणा चढत जातो. निदान चढावा, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात शाई कागदात पसरते, मधले करडे सांगितल्यापेक्षा गडद उतरतात आणि शेवटच्या चार-पाच पायऱ्या एकमेकींत मिसळून डांबर होतं. मग पट्टी वाळवायची, एकेक चौकोन स्पेक्ट्रोखाली धरायचा, आकडे संगणकाला भरवायचे, संगणक शाईचं प्रमाण बदलणार, की पुन्हा पट्टी. काकांच्या मॅट कागदावर उजळपणाच्या मापात पांढरा ९६ भरतो आणि काळा १६. मधल्या ८० ची २० पायऱ्यांत वाटणी केली की वाट्याला प्रत्येकी ४ येतात.

“चारच!” काका टेबलावर बोट आपटून सांगतात. “साडेचार नको, साडेतीन नको. जिन्याची एक पायरी अर्धा इंच चुकली तर माणूस ठेचकाळतो की नाही?”

स्पेक्ट्रो हे हाताच्या मुठीएवढं मोजणीयंत्र भाच्यानं परदेशातून आणलं. त्या पैशांत स्कूटर आली असती, असं काकू म्हणतात. काकूंना स्कूटर चालवता येत नाही, पण मुद्दा तो नाही.

काकांचा हा नाद जुना आहे. लग्न नवीन असताना त्यांनी न्हाणीघराच्या खिडकीला काळा कागद डकवून डार्करूम केली होती. लाल बल्ब, पाटावर एन्लार्जर, बादलीत हायपो, आणि उटीच्या सरकारी कारखान्यातून येणारा ‘इंदू’ कागद. रविवारी सकाळी घरातल्या बाकीच्यांनी आंघोळ कधी करायची हे आकाशातले ढग हाताच्या सावलीनं किती झाकायचे यावर ठरायचं. “तेव्हा न्हाणीघर अडायचं, आता जेवणाचं टेबल अडतं,” काकू सांगतात. “आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. पण हायपोचा वास गेला एवढं खरं.”

मराठी भाषेवर काकांचा राग आहे. या भाषेत काळ्याला काय थाट! केस काळेभोर, अंधार काळाकुट्ट, पाषाण काळाकभिन्न. पांढराही शुभ्र असतो, फेक असतो, फटक असतो. आणि करडा? करडा नुसताच करडा. फार तर राखाडी. “दोन टोकांना दागिने आणि मधल्या १९ जणांना लंगोटी,” असं ते मला एकदा जिन्यात थांबवून म्हणाले. माझ्या हातात दुधाच्या पिशव्या होत्या.

पण त्यांच्या त्या कभिन्न-कुट्टला त्यांच्याकडे मोजमाप आहे. मॅट कागदावर काळ्याची घनता १.७ च्या आसपास थांबते. म्हणजे पडलेल्या उजेडातला दोन टक्के तरी परत येतोच. चकचकीत कागदावर ती २.३ पर्यंत जाते, तिथं परत येणारा उजेड अर्धा टक्का. मग तोच कागद का नाही घेत, असं मी विचारलं, तर चकचकीत कागदावर त्यांना फोटोऐवजी समोरची खिडकी दिसते म्हणाले. तेही खरंच आहे. बरं, जास्त शाई ओतून मॅटवरचा काळा वाढवावा, तर एका हद्दीनंतर तो वाढायचा थांबतो, कधी तर उलट फिकाच पडतो, आणि कागद ओल्या पापडासारखा होतो. ही हद्द शोधण्यात एक पावसाळा गेला. पावसाळ्यात तर वाळायलाही वेळ लागतो. एरवी काका पट्टी २४ तास ठेवतात; श्रावणात ४८. मागच्या बाजूला पेन्सिलीनं तारीख, वेळ आणि हवेतला दमटपणा. काकू त्याच्याच खाली दुधाचा हिशेब मांडतात.

खरी गंमत रंगाची आहे. काळ्या-पांढऱ्या फोटोत रंग कुठून आला, असं तुम्हाला वाटेल; मलाही वाटलं होतं. साधा प्रिंटर करडा बनवतो तो निळा, किरमिजी आणि पिवळा एकत्र कालवून. त्यातला एक जरा पुढं सरकला की करड्यावर झाक येते, आणि माणसाचा डोळा बाकी कशात नसला तरी यात भारी चोखंदळ. म्हणून फोटोच्या प्रिंटरमध्ये काळ्या शाईचेच गडद, फिका आणि अतिफिका असे अवतार आले. एप्सननं २००५ साली असे तीन काळे एका संचात दिले. रॉय हॅरिंग्टन नावाच्या गृहस्थांचा ‘क्वाडटोन रिप’ हा प्रोग्राम या प्रत्येक काळ्याला वेगळा लगाम घालतो. काकांच्या तोंडी हे नाव कुलदैवतासारखं येतं. एवढं करूनही काजळीचा काळा मुळात तपकिरीकडेच कलतो. त्याला सरळ करायला निळ्या-किरमिजीचा थेंब द्यावा, तर तो थेंब उन्हात एक दिसतो आणि ट्यूबलाइटखाली दुसराच.

त्यामुळं काका पट्टी घेऊन हिंडतात. आधी गॅलरीत, मग ट्यूबखाली, मग जिन्यात. गेल्या मार्गशीर्षात रात्री सव्वाअकराला आमची बेल वाजली. मला वाटलं, काकूंना काही झालं. दारात काका, हातात पट्टी.

“तुमच्या देवघरात अजून पिवळा बल्ब आहे ना?”

आहे, म्हटलं. ते चप्पल काढून आत गेले, देवाला नमस्कार केला आणि पट्टी बल्बखाली धरून दहा मिनिटं उभे राहिले. बायकोला झोपेतून उठवून विचारलं, “वहिनी, खरं सांगा, हे हिरव्याकडं झुकतंय की जांभळ्याकडं?” बायको म्हणाली, “भावजी, माझ्याकडं तर हे भिंतीकडं झुकतंय.” काकांनी ते वहीत टिपून घेतलं.

पट्ट्या वाया जात नाहीत. सोसायटीतल्या सगळ्या पोरांच्या पुस्तकांत खुणेला त्याच आहेत. काकू आरशासमोर एक पट्टी केसांशी धरून बघतात. दिवाळीला त्या नवव्या चौकोनावर होत्या, सध्या सातव्यावर आहेत.

तिसऱ्या मजल्यावरचे नाना गेले तेव्हा त्यांच्या मुलानं मोठ्या विश्वासानं काकांकडं फोटो दिला. काळ्या कोटातला, निरोपसमारंभाचा. तेराव्याला लावायचा होता. काकांनी हो म्हटलं आणि नेमका त्याच आठवड्यात कागदाचा नवा गठ्ठा उघडला. नव्या गठ्ठ्याचा पांढरा जुन्याहून अर्ध्या अंकानं पिवळा निघाला. झालं. पुन्हा पहिल्या पट्टीपासून. बाराव्या दिवशी मुलानं नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून दहा मिनिटांत फोटो काढून आणला.

तेराव्याला काका आले. हात जोडले, आणि तसेच जोडलेल्या हातांनी एक पाऊल खिडकीकडं, एक पाऊल ट्यूबलाइटकडं असे सरकत राहिले. नानींच्या माहेरची माणसं एकमेकांना म्हणाली, “फार जवळचे दिसतात.” जेवायला बसल्यावर काका माझ्या कानाशी लागले. त्यांना कुजबुजता येत नाही.

“नाना हिरवे पडलेत.”

पंगतीत वाढणाऱ्या मुलाच्या हातातली खिरीची वाटी तशीच राहिली.

त्यानंतर वर्षभर दोन्ही घरांत बोलणं जेमतेम होतं. वर्षश्राद्धाच्या सकाळी काका पाठीशी पुठ्ठा धरून वर आले. फोटो झाला होता. मला छपाईतलं काही कळत नाही, तरी सांगतो: झेरॉक्सवाल्याच्या फोटोत नानांचा कोट म्हणजे काळी पाटी होती. इथं तो लोकरीचा होता. कॉलरच्या घडीतला अंधार वेगळा, खिशाच्या तोंडाशी वेगळा. नानींनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “अगंबाई, खालचं बटण तुटलंय. दोरा लोंबतोय. मला शिवायला सांगून गेले होते.”

जुना फोटो उतरवला गेला. काकांना चहा मिळाला. कप खाली ठेवताना ते म्हणाले, “सतरावी पायरी अजून जरा बसलेली आहे. उतरवून द्या, परत करतो.” नानींनी दिला नाही.

सध्या ते आमच्या आजोबांच्या फोटोवर काम करताहेत. देऊन दोन दिवाळ्या झाल्या. तेव्हा आमच्या भागातल्या मंडळींना सांगणं एवढंच: भिंतीवर नीट करडं दिसायची इच्छा असेल तर हिंडताफिरताच फोटो काकांकडं टाकून ठेवा. मी माझा गेल्या महिन्यात दिला.