आपलं आपण गुंडाळून घ्या

हरिहरेश्वरात जेवणाच्या बाबतीत पाहुण्याला एकच निर्णय घ्यायचा असतो, तोही सकाळी नऊच्या आत: माणसं किती. फोनवर आकडा सांगितला की त्याचं काम संपलं. भाजी कुठली, आमटी कशाची, वालाचं बिरडं आज आहे की उद्या, आणि मोदकावर ‘थोडंसं’ तूप म्हणजे किती, हे सगळं खाणावळवाली ठरवते. मोदक हवेत की नकोत एवढं मात्र आदल्या दिवशी विचारतात. लोकशाही तेवढीच. देवळात आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव, हा क्रम का म्हणून कोणी हुज्जत घालत नाही, तशी पानावरच्या क्रमाबद्दलही घालत नाही. ओहोटी बघून प्रदक्षिणा मारायची, पँटचे पाय भिजवून साडेबाराला टेबलाशी यायचं आणि वाढणारा हात थांबेपर्यंत जेवायचं.

आमच्या काकूची खाणावळ याच घटनेवर चालते. “काय काय आहे?” असं कोणी विचारलं की ती “जेवण आहे” असं सांगते. नातीने एकदा हौसेने मेन्यूकार्ड छापून आणलं होतं. ते हल्ली कोपऱ्यातल्या टेबलाच्या आखूड पायाखाली असतं आणि टेबल अजिबात डुगडुगत नाही, म्हणजे खर्च वाया गेला असं म्हणता येणार नाही.

अशा बाईला पुण्याला कोरेगाव पार्कात नेऊन व्हिएतनामी जेवू घालायचं हे त्याच नातीच्या डोक्यातून निघालं. तिचा पहिला पगार झाला होता. मी गेलो कारण बिल नात देणार होती. याहून उदात्त कारण माझ्यापाशी नाही.

आत इतका मंद उजेड होता की काकूने “लाइट गेलेत का?” असं विचारलं आणि मोबाइलच्या बॅटरीवर मेन्यू वाचायला घेतला. पानामागून पानं. काकू दहावीचा पेपर हातात पडल्यासारखी एकदम गप्प झाली. तेवढ्यात वेटर आला.

“मॅम, स्पाइस लेव्हल?”

“रोज करता तसंच करा,” काकू म्हणाली. “आमच्यासाठी वेगळं काही नको.”

पहिल्यांदा आला समर रोलचा सरंजाम. एका ताटलीत पातळ, गोल, कडक चकत्या, शेजारी कोमट पाण्याचं भांडं, दाण्याची चटणी, आणि मोठ्या थाळीत लेट्यूस, पुदिना, तुळशीच्या जातीची पानं, गाजर-काकडीच्या काड्या, मोड आलेले मूग, टोफू आणि पांढऱ्या शेवया. वेटरने सगळं नीट मांडलं, ‘एन्जॉय’ म्हणाला आणि निघून गेला. काकू वाढप्याची वाट बघत बसली. वाढपी येईना.

“आजी, आपलं आपण गुंडाळून घ्यायचं,” नात म्हणाली.

“मग तो काय करणार?”

“तो बिल आणणार.”

“त्यातून मग वळायची मजुरी कापून घे त्याच्याकडून,” काकू म्हणाली. चेष्टेने नव्हे. हिशेब म्हणून.

पण तिने चकती उचलून दिव्यासमोर धरली आणि तिचा चेहराच बदलला. चकतीवर बारीक चटईची नक्षी उठलेली होती. काकूने तिच्यावरून अंगठा फिरवला, कड दाताखाली धरून पाहिली आणि निकाल दिला, “सालपापडी. तळायची राहिलीय.” निकाल जवळजवळ बरोबर होता. व्हिएतनाममध्ये या चकतीला ‘बान्ह त्रांग’ म्हणतात. तांदळाचं पातळ वाटण उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ताणलेल्या फडक्यावर पसरायचं, वाफेवर क्षणभर झाकायचं, काडीने अलगद सोडवायचं आणि बांबूच्या जाळीवर उन्हात वाळत घालायचं. आमच्याकडे उन्हाळ्यात अंगणात हेच चालतं, फडक्याच्या जागी पान किंवा ताटली असते इतकंच. फरक वाळल्यानंतरचा. आपण ती तेलात सोडतो, ते पाण्यात सोडतात. पाण्यात गेली की ती मऊ पडते आणि लगेच बोटांना चिकटते. माझी पहिली गुंडाळी तोंडापर्यंत पोचायच्या आत उकलली आणि शेवया शर्टावर आल्या. नातीची जरा बरी झाली. काकूने सारण मध्यभागी ठेवलं, कडेने चिमटीत कळ्या पाडल्या, सगळ्या वर गोळा केल्या आणि शेंडी काढली. कोरेगाव पार्काच्या इतिहासातला पहिला व्हिएतनामी मोदक त्या टेबलावर बसला. वेटरने फोटो काढायची परवानगी मागितली. काकू म्हणाली, “फोटो काय काढतोस, तूप आण.”

त्यानंतर फो आला. मोठा वाडगा, वाफाळता रस्सा, आत तांदळाच्या शेवया. काकूने वाडग्यावर नाक नेलं. “चक्रीफूल. दालचिनी. लवंग. मसालावेलची. आलं आणि कांदा भाजून घातलाय.” मूळ फो हाडांच्या रश्शाचा, हा मशरूमचा होता, पण मसाल्याची यादी तिने शंभर टक्के बरोबर सांगितली. तिला ती अवघड जायचं कारणही नव्हतं. चक्रीफूल उत्तर व्हिएतनाममध्ये लांग सोनच्या डोंगरात पिकतं, आणि भारतात जे चक्रीफूल आणि जाड सालीची दालचिनी विकायला येते त्यातली बरीच तिकडूनच येते. काकूच्या गोड्या मसाल्याच्या बरणीत कित्येक वर्षं व्हिएतनाम बसलेला आहे, त्याची ओळख त्या दिवशी झाली.

“चांगलंय,” काकू म्हणाली. “पण भात कधी येणार?”

भात आलाच नाही. पुढे आलं ते बान्ह सेओ: तांदळाच्या पिठात हळद आणि नारळाचा रस घालून केलेलं, कडेने कुरकुरीत, मध्ये दुमडलेलं घावन. तेही मोडून पानात गुंडाळायचं, चटणीत बुडवायचं आणि खायचं. चकती तांदळाची, शेवया तांदळाच्या, घावन तांदळाचं. “तांदळाचं सगळं केलंनीत, भात तेवढा सोडून,” असं काकू म्हणाली. नारळाच्या रसाने तिला वेगळाच घोर लागला. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्याला धडकलं तेव्हा आमच्या वाडीतले माड आणि रोठ्याच्या सुपारीची झाडं आडवी झाली. तेव्हापासून ती नारळ मोजून काढते, आणि कोणी घावनाच्या पिठात रस घालतंय हे तिला उधळपट्टीचं वाटलं. तेवढ्यात तिने वेटरला सहज विचारलं, या चटणीत काय काय असतं. “मॅम, कम्प्लीट व्हेज आहे,” तो म्हणाला, “फक्त फिश सॉस असतो.” काकूने वाटी माझ्यापुढे सरकवली. माझी तक्रार नव्हती.

पुढल्या वर्षी मी स्वतःच व्हिएतनामला जाऊन आलो. मुंबईहून आता सरळ विमान जातं, आणि मराठी माणूस जिथे सरळ विमान जातं तिथे जातोच. आमच्या टूरबरोबर आचारी होता. हनोईची पहिली संध्याकाळ: अख्खं गाव फुटपाथवर बसून जेवतंय, कोळशावर काहीतरी चरचरतंय, आणि आम्ही काचेआड एसीत दाल तडका, जिरा राइस आणि गुलाबजाम खातोय. शेजारच्या काकांनी समाधानाने ढेकर दिली आणि म्हणाले, “घरच्यासारखं आहे.” घरच्यासारखं खायला एवढे पैसे का भरले, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं, पण तोंडात गुलाबजाम होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आचाऱ्याच्या उपम्याला चुकवून रस्त्यावर गेलो. तिथली प्लॅस्टिकची स्टुलं बालवाडीच्या मापाची असतात. बसताना गुडघे कानाशी येतात आणि उठताना दुसऱ्याचा खांदा लागतो. फो विकणारी बाई पातेल्यामागे उभी होती. मेन्यू नाही, पाटी नाही, स्पाइस लेव्हल नाही. तिने माझ्याकडे बघून एक बोट वर केलं: एकच ना? मी मान हलवली. मला तिथे, सातासमुद्रापलीकडे, एकदम हरिहरेश्वर दिसलं. कोंबडीचा रस्सा असा होता की उपम्याचा विचारही पापासारखा वाटावा. वाडगं समोर आदळून ती गेली. टेबलावर लिंबू, मिरच्या, लसणीचं व्हिनेगर. म्हणजे हुकूमशाही वाडग्याच्या काठापर्यंत, आत स्वराज्य. दक्षिणेला सायगावात हे स्वराज्य आणखी वाढतं. १९५४ मध्ये देशाची फाळणी झाली तेव्हा लाखो लोक उत्तरेतून दक्षिणेत आले, त्यांच्याबरोबर फो आला, आणि दक्षिणेने त्याच्या शेजारी मोड आलेले मूग, तुळस आणि गोड काळ्या सॉसची बाटली ठेवली. हनोईचे लोक याकडे ज्या नजरेने बघतात ती नजर मी ओळखतो. आमच्याकडे आमटीत साखर किती या विषयावर तीच असते.

बान्ह मीबद्दल फार लिहीत नाही, कारण मुंबईकराला ते समजावून सांगावं लागत नाही. पोर्तुगीजांच्या पावात आपण वडा घातला. फ्रेंचांच्या लांबट पावात त्यांनी लोणच्यातलं गाजर-मुळा, मिरची, कोथिंबीर आणि डुकराचं मांस कोंबलं. गोरे आपल्या घरी गेले, पाव इथेच राहिला.

हनोईत एक दुकान आहे, बुन चा ह्युओंग लियेन. तिथे २०१६ च्या मे महिन्यात बराक ओबामा आणि शेफ अँथनी बोर्डेन प्लॅस्टिकच्या स्टुलांवर बसून बुन चा जेवले. कोळशावर भाजलेलं डुकराचं मांस, शेवया, पाला. बिल सहा डॉलर झालं. ते टेबल दुकानदाराने वाट्या-काड्यांसकट काचेच्या पेटीत बंद करून ठेवलं आहे. हे मी काकूला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, “ऐन शनिवारी एक टेबल कमी करून ठेवलंनी?” आमच्याकडे मंत्री जेवून गेले होते. ते हात धुवायला उठले आणि त्यांचं खरकटं उचलायच्या आत तिथे कल्याणची मंडळी बसली होती.

पण त्या प्रवासातली खरी गंमत कु चीला झाली. कु ची म्हणजे सायगावजवळची युद्धातली भुयारं, सगळी मिळून अडीचशे किलोमीटरच्या आसपास. त्या दिवशी नेमकी संकष्टी होती. आमच्यातल्या एक मावशी सकाळपासून उपाशी. आचाऱ्याकडचा साबुदाणा आदल्या संकटात संपला होता (कुणाच्या तरी पित्तावर खिचडी हा उपाय निघाला होता). भुयारातून ओणवं होऊन बाहेर आलो की तिथे प्रत्येक पाहुण्याला एक खाऊ देतात, लढणारे लोक जमिनीखाली जे खाऊन राहायचे तोच: उकडलेला कंद, आणि बरोबर भाजलेल्या दाण्यांचं कूट, त्यात मीठ, साखर. आमच्यातल्या एका निवृत्त शेतकी अधिकाऱ्याने कंद सोलून पाहिला आणि जाहीर केलं, “अहो मावशी, हा कसावा. आपला साबुदाणा याचाच करतात.” मावशींच्या डोळ्यांत पाणीच आलं. साबुदाणा, दाण्याचं कूट, मीठ, साखर. गनिमी काव्याने लढणाऱ्या फौजेने वर्षानुवर्षं आपला उपास केला होता! फक्त कुटात तीळ निघाले, आणि तीळ उपासाला चालतात की नाही यावर आमच्या बसमध्ये पुढचे दोन तास असा वाद पेटला की मेकाँग नदी आली कधी आणि गेली कधी ते कोणी पाहिलं नाही. मावशी मात्र दुसरी ताटली संपवत होत्या.

गनिमी कावा म्हटल्यावर दाल तडक्यावाल्या काकांना मोबाइलवर फिरणारा तो निरोप आठवलाच. व्हिएतनामने महाराजांकडे बघून अमेरिकेला हरवलं, तिथे महाराजांचा पुतळा आहे, वगैरे. याला पुरावा आजवर कोणी दाखवलेला नाही, पण काका प्रत्येक गाइडला पुतळा कुठे ते विचारत. सायगावच्या गाइडने शेवटी त्यांना नदीकाठच्या एका उंच पुतळ्यापाशी नेलं. तो त्रान हुंग दाओचा. तेराव्या शतकात त्याने बलाढ्य मंगोल फौजेला हुलकावण्या देऊन, नदीच्या पात्रात टोकदार खुंट ठोकून हरवलं होतं. काकांनी गोष्ट ऐकली, क्षणभर विचार केला आणि चप्पल काढून नमस्कार केला. “काम तेच,” म्हणाले.

परत आल्यावर हरिहरेश्वरच्या ओटीवर आमच्या काकांनी, म्हणजे काकूच्या यजमानांनी, एकच प्रश्न विचारला: “तिकडे महादेव आहे का?” आहे. मध्य व्हिएतनाममध्ये ‘मी सोन’ नावाच्या ठिकाणी चाम राजा भद्रवर्म्याने चौथ्या शतकात भद्रेश्वराचं देऊळ बांधलं. शेजारच्या कंबोडियात तर नवव्या शतकातल्या राजधानीचं नावच हरिहरालय. काका सरसावून बसले. “नैवेद्य काय असेल रे?” मी म्हटलं, तिकडे तांदळाच्या चिकट पिठात नारळाचं गोड सारण भरून केळीच्या पानात उकडतात. काकांनी आत बघून मोठ्याने सांगितलं, “अगं, मोदकच निघाले!” आतून उत्तर आलं, “पानात गुंडाळले तर कळ्या दिसतील कशा?”

मग काकूच्या मनात काय आलं कोण जाणे. डिसेंबरातल्या एका शनिवारी नातीच्या आग्रहावरून तिने दुपारच्या पंगतीला ताज्या, न वाळवलेल्या सालपापड्या, काकडी-गाजराच्या काड्या, शेवया, मोड आलेले मूग, वाडीतला पाला आणि दाण्याची चटणी मांडली, आणि डोंबिवलीच्या एका मोठ्या कुटुंबाला सांगितलं, “आपलं आपण गुंडाळून घ्या.” ते शब्द तिच्या तोंडातून निघताना मी पाहिले. दाढ काढताना माणूस याहून कमी कष्टाने बोलतो.

डोंबिवलीकरांनी आधी फोटो काढले. मग व्हिडिओ. मग सूनबाईंनी सासऱ्यांना शिकवलं, सासऱ्यांनी नातवाला शिकवलं, नातवाने गुंडाळी उलगडून आत काय आहे ते पाहिलं. अंगणात दुसरी पंगत ताटकळत उभी. त्यातल्या दोन गाड्यांना बागमांडल्याहून वेसवीला जाणारी फेरीबोट गाठायची होती आणि ते दर पाच मिनिटांनी घड्याळ बघून खोकत होते. पाऊण तासात डोंबिवलीकडून मोजून अकरा गुंडाळ्या झाल्या. तेव्हा काकूने पदर खोचला, खुर्ची ओढून टेबलाच्या डोक्याशी बसली आणि वळायला घेतलं. एक हात सारण ठेवतोय, दुसरा कळ्या पाडतोय, शेंडी, पुढचा. वळलेला प्रत्येक थेट समोरच्याच्या ताटात. “नको” म्हणणाऱ्याच्या ताटात दोन. मागून सोलकढी आली, आणि कोणी काही म्हणायच्या आत आमटी-भातही आला. सगळ्यांना एकदम हायसं वाटलं, विशेषतः सासऱ्यांना.

जाताना डोंबिवलीचे चिरंजीव पैसे द्यायला उभे राहिले आणि हसत म्हणाले, “काकू, सुरुवातीचं तर आम्हीच वळलं. त्याचे काही कमी करा की.”

काकूने नोटा मोजून कमरेच्या पिशवीत टाकल्या. “शिकवणीचे अजून धरले नाहीत,” ती म्हणाली, आणि अंगणाकडे वळून दुसऱ्या पंगतीला हाक मारली.