किराणा-विरही संभाजीनगरकर

छत्रपती संभाजीनगरातून नोकरीनिमित्त परदेशी गेलेल्यांमध्ये एक स्वतंत्र प्रकार आढळतो, त्यास सोयीसाठी 'किराणा-विरही' म्हणावे. साहित्यशास्त्राने विरहाच्या दहा अवस्था सांगितल्या असून त्यांत अभिलाष, चिंता, स्मृती, गुणकथन येथपासून उन्माद आणि व्याधीपर्यंतचा क्रम येतो. प्राचीनांनी हा सगळा विस्तार प्रियजनांसाठी योजला होता, परंतु ज्वारीचे पीठ, काळा मसाला आणि येसर यांनाही तो जसाच्या तसा लागू पडतो हे त्यांच्या ध्यानी आले नसावे, कारण त्यांना व्हिसा लागत नव्हता.

या प्रकाराची पैदास शहराच्या कारखानदारीतून झाली. १९८० च्या दशकात वाळूजला दुचाकींचा कारखाना उभा राहिला, २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडा या चेक कंपनीने मोटारी जुळवण्यास आरंभ केला, आणि येथील अभियांत्रिकी पदवीधरांना जगाचा रस्ता सापडला. त्यांतील कोणी आखातात गेला, कोणी अमेरिकेत, तर कोणी थेट स्कोडाच्या माहेरी, म्हणजे प्रागपासून सुमारे ६० किलोमीटरवरील म्लादा बोलेस्लाव्ह या गावी. हा शेवटचा नमुना अभ्यासास सर्वांत सोयीचा आहे. त्याच्या पासपोर्टावर जन्मस्थान औरंगाबाद असते, शहराचे नाव तो २०२३ पासून संभाजीनगर सांगतो, आणि चेक सहकाऱ्याने पुढे काही विचारलेच तर अजिंठा-वेरूळ सांगून मोकळा होतो.

पूर्वलक्षण असे, की घरी असताना या गृहस्थाने किराण्याकडे ढुंकूनही पाहिलेले नसते. मोंढा, म्हणजे मराठवाड्यातील धान्याची ठोक बाजारपेठ, त्याने रिक्षातून जाताना पाहिलेला असतो; गिरणीत दळणाचा डबा नेण्याची वेळ आली की त्याची हमखास परीक्षा असे, आणि ताटात भाकरी दिसली की "आज पोळ्या नाहीत का?" हा प्रश्न ठरलेला असे. गुलमंडीवरची इमरती तेवढी त्याला मनापासून मान्य होती. विमान उडाल्यानंतर साधारण तिसऱ्या आठवड्यात मात्र अभिलाष ही पहिली अवस्था प्रकट होते, आणि जी वस्तू त्याने आयुष्यात कधी निवडली, पाखडली वा दळून आणली नाही, तिच्यासाठी त्याचा जीव कासावीस होतो.

विरहाचे मुख्य आलंबन ज्वारीचे पीठ होय. ज्वारीत गव्हासारखे चिवट ग्लुटेन नसल्याने भाकरी थापली जाते ती ताज्या पिठाच्या अंगच्या चिकटपणावर, आणि पीठ जुने झाले की तो चिकटपणा ओसरतो. यालाच पिठाची 'विरी जाणे' म्हणतात. प्रागच्या भारतीय दुकानातून हौसेने आणलेल्या पुड्यातील पीठ समुद्रमार्गे आलेले असल्याने त्याची विरी बहुधा वाटेतच गेलेली असते. मग रविवारी सकाळी फोन भिंतीला टेकवून ठेवला जातो, पलीकडून आई "उकळतं पाणी घाल, उकड काढ, आता मळ, अरे तळहातानं मळ" असे सांगत राहते, कडेला चार ठिकाणी चिरलेली भाकरी विजेच्या सपाट शेगडीवर पडते, जाळच नसल्याने फुगायचे नाव घेत नाही, आणि आई दोन क्षण थांबून "चव चांगली असेल" असा निर्वाळा देते. कॅन्ससमधल्या चुलतभावाची स्थिती याहून चमत्कारिक असते. अमेरिका ज्वारीच्या उत्पादनात जगात अग्रभागी आहे आणि कॅन्सस त्यातही पुढे आहे, परंतु ते पीक मुख्यतः जनावरांचे खाद्य आणि इथेनॉल यांसाठी जाते. त्यामुळे हा भाऊ ज्वारीच्या शेतांमधून गाडी हाकत भारतातून आलेला पिठाचा पुडा घ्यायला जातो.

चिंता ही अवस्था खरे पाहता आईवडिलांची. मायदेशाच्या भेटीनंतर परत निघताना प्रत्येकी २३ किलोंच्या बॅगा भरल्या जातात. घरात ताणकाटा नसल्याने वडील बॅग कवटाळून वजनकाट्यावर उभे राहतात, आलेल्या आकड्यातून त्यांचे वजन वजा केले जाते, आणि बॅग जड भरली की वडिलांचे वजन मागच्या वेळेपेक्षा वाढले असावे असा निष्कर्ष सर्वानुमते निघतो. येसर, म्हणजे धान्ये, डाळी व मसाले भाजून दळलेले, लग्नाच्या पंगतीतील आमटीला दाटपणा आणणारे पीठ, तीन पिशव्यांत बांधले जाते. सून कोल्हापूरची असल्यास कांदा-लसूण मसाल्याच्या वाट्याचा प्रश्न निघतो आणि तो काट्यावर सुटत नाही. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशास दूध व मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, म्हणून तूप आणि पेढे मागे राहतात. ताज्या कढीपत्त्याला वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, पण अननस, केळी, खजूर, दुरियन आणि नारळ या पाच फळांना तो लागत नाही. "नारळ चालतो, मग कढीपत्त्यानं काय घोडं मारलंय?" या आईच्या प्रश्नाला ब्रुसेल्सकडे काय उत्तर आहे कोण जाणे.

गुणकथनाची अवस्था दिवाळीच्या स्नेहमेळाव्यात पाहावी. तेथे हापूसवाल्या कोकणकरासमोर हा मराठवाड्याच्या केसर आंब्याचे २०१६ चे भौगोलिक मानांकन काढतो आणि दगडफूल, म्हणजे काळ्या मसाल्यात पडणारे दगडावरचे वाळलेले शैवाक, यावर व्याख्यान देतो, जणू ते त्यानेच डोंगरातून खरवडून आणले आहे.

खसखशीचे प्रकरण मात्र उन्मादाच्या जवळ जाते. ते अफूच्याच झाडाचे बी असल्याने संयुक्त अरब अमिरातीत नेण्यास बंदी आहे, त्यामुळे दुबईतल्या मित्राला काळा मसाला खसखस वगळून पाठवावा लागतो. उलट चेक प्रजासत्ताक खाण्याच्या खसखशीच्या उत्पादनात जगात अग्रेसर असून तेथे केकवर तिचा थर असतो. फक्त ती निळसर असते. नायक ती मोठ्या अभिमानाने दोन किलो घरी आणतो, आई एक चिमूट तळहातावर घेऊन खिडकीपाशी जाते, "बुरशी तर नाही ना?" म्हणते, आणि डबा फडताळात मागे सारते. पुढच्या खेपेला काळा मसाला करताना पांढरी खसखस महाग पडली म्हणून तोच डबा पुढे येतो, भाजल्यावर सगळेच काळे दिसते, आणि बोलेस्लाव्हची खसखस बोलेस्लाव्हला परत जायला निघते. ऐनवेळी मुलगा सांगतो की स्वस्त पडले म्हणून तिकीट दुबईमार्गे काढले आहे, आणि रात्री अकरा वाजता बॅग पुन्हा उघडली जाते.