आमच्याकडून सप्लाय चालू आहे

वळवाचा पहिला थेंब जमिनीवर पडायच्या आत लाइट जाते, म्हणून लोक उगाच बोटं मोडतात. त्याला शास्त्रीय कारण आहे, आणि ते दर पावसाळ्याच्या तोंडावर न चुकता वर्तमानपत्रात छापूनही येतं. खांबावरची तार ज्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर बसवलेली असते, तो उन्हाळाभर तापतो. त्यावर पावसाचं गार पाणी पडलं की त्याला तडा जातो. तड्यात पाणी शिरतं, वीज खांबावाटे जमिनीत उतरू बघते, आणि उपकेंद्रातला ब्रेकर धोका ओळखून अख्खी वाहिनी बंद करतो. म्हणजे लाइट गेली ती यंत्रणा बिघडली म्हणून गेली असं समजू नका. यंत्रणा चोख चालते म्हणूनच ती गेली. इतका तडा तुमच्या डोक्याला गेला असता तर तुम्हीही बंद पडला असता.

हा तडा केसाएवढा असतो आणि खालून दिसत नाही. त्यामुळे लाइनमन रेनकोट चढवून, हातात बॅटरी घेऊन, एकामागून एक खांब तपासत रात्रभर चिखल तुडवतो. तिकडे वीज कंपनीच्या निवेदनाचा शेवट ठरलेला असतो : ग्राहकांनी सहकार्य करावे. सहकार्य म्हणजे अंधारात बसावे. ते करण्यात मराठी माणसाचा हात कोणी धरणार नाही.

चिनी मातीऐवजी पॉलिमरचे इन्सुलेटर मिळतात, आणि ते बसवतातही. फक्त ते ज्या वाहिनीवर बसवलेत ती कधी आपली नसते, एवढंच.

पावसाळ्यात लाइट जाऊ नये म्हणून मे महिन्यात दिवसदिवस लाइट घालवतात, त्याला मान्सूनपूर्व देखभाल दुरुस्ती म्हणतात. ४२ अंशांत सकाळी दहा ते संध्याकाळी पाच पंखा बंद ठेवल्याने पुढच्या अंधाराची माणसाला सवय होते, हा त्यातला आरोग्यविषयक भाग. बाकी मुख्य काम फांद्या तोडण्याचं. त्यातही दोन पक्ष आहेत. एकाला झाड वाचवायचं असतं, दुसऱ्याला तार, आणि दोघांच्याही मोबाइलचं चार्जिंग संपत आलेलं असतं. तोडलेल्या फांद्या मात्र तिथेच, डीपीच्या बुडाशी रचून ठेवतात. पहिल्या पावसात त्यांवर वेल चढतो आणि ऑगस्टपर्यंत तो डीपीच्या आत जाऊन बसतो. पुढच्या मे महिन्याचं काम असं आयतं तयार होतं.

कुरकुर करणाऱ्यांना मी एक सांगू इच्छितो की, आपलं विजेचं जाळं थोर आहे. हे मी चेष्टेत म्हणत नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाच्या जाळ्याला जोडलं गेलं. तेव्हापासून सगळा देश एका तालावर चालतो, सेकंदाला ५० आवर्तनं. ताल पॉइंट एकने इकडेतिकडे झाला तरी भार प्रेषण केंद्रात लोकांचे कान टवकारतात. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं देशाने दिवे मालवले, तेव्हा मागणी काही मिनिटांत सुमारे ३१ हजार मेगावॉटने कोसळली. हे आधी कधी घडलेलं नव्हतं. जलविद्युत केंद्रांनी उत्पादन झपकन खाली आणलं, दिवे लागताच तितक्याच चपळाईने वर नेलं, आणि जाळं हललंसुद्धा नाही. ज्या इंजिनिअरांनी हे केलं त्यांचे पुतळे उभारायला हरकत नाही. खाली दिवा लावू नये, एवढं पथ्य पाळावं.

आता हीच वीज आपल्या आळीत कशी येते ते पाहा. ७६५ केव्हीवरून ४०० वर, तिथून २२०, १३२, ३३, ११ अशी एकेक पायरी उतरत, मैलोन्‌मैल राजासारखी चालत ती शेवटी आपल्या कोपऱ्यावरच्या डीपीपाशी येते. डीपीला दार नसतं. ते भंगारवाल्याकडे कधीच गेलेलं असतं. आत किटकॅट फ्यूज असावेत अशी रचना. त्यातलं एखादं किटकॅट खरोखर असतं. बाकी ठिकाणी ॲल्युमिनियमच्या तारेचे पाच-सात पदर पिळून थेट बांधलेले असतात, कारण बारीक तार सारखी उडते आणि जाड तार उडत नाही. जाड तार उडत नाही म्हणून मग वरचं रोहित्रच जळतं. खाली अर्थिंगची पट्टी जमिनीपासून वीतभर अंतरावर येऊन थांबलेली, शेजारी शेळी बांधलेली, कवटीच्या चित्रावर भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. भाऊ हात जोडून हसतायत आणि त्यांच्या कानामागून ‘सावधान’ एवढीच अक्षरं दिसतायत.

ग्रीडची सगळी हुशारी या पेटीच्या तोंडाशी संपते. आणि वीज किती भरवशाची आहे त्याचा हिशोबही बहुधा या पेटीच्या अलीकडेच संपवतात. हिशोबाची मापं दोन आहेत : साइफी आणि साइडी. एक ग्राहकामागे लाइट सरासरी किती वेळा गेली ते सांगतं, दुसरं किती वेळ गेली ते. आपल्याकडे हे मोजमाप वर्षानुवर्षं होत आलं ते ११ केव्हीच्या वाहिनीपाशी, म्हणजे उपकेंद्रात. तिथला ब्रेकर चालू असला की वाहिनीवरचे सगळे ग्राहक उजेडात आहेत असं धरायचं. मग तुमची डीपी जळालेली असो, एक फेज गेलेला असो, नाहीतर खांबावरचा जंपर तुटून लोंबत असो. अहवालात तुम्ही मजेत ट्यूबलाइटखाली पेपर वाचत असता.

म्हणून तर तालुक्याच्या कुठल्याही उपकेंद्रात फोन लावला की एकच उत्तर मिळतं.

“साहेब, लाइट कधी येणार?”

“आमच्याकडून सप्लाय चालू आहे.”

“अहो, पण आमच्याकडे नाही ना.”

“किती घरं बंद आहेत?”

“सगळी आळी बंद आहे.”

“मग ते डीपीवरून असंल. लाइनमनला फोन लावा.”

“ते उचलत नाहीत.”

“खांबावर असंल.”

यात एकही शब्द खोटा नाही. ऑपरेटरच्या पॅनेलवर लाल दिवा जळतोय, ॲमीटरचा काटा हलतोय, रजिस्टरमध्ये वाहिनी चालू. लाइनमनही खरंच खांबावर आहे, फक्त दुसऱ्या गावच्या. त्याच्याकडे गावं चार-पाच, शिडी एक, आणि मदतीला ठेकेदाराचा पोरगा, ज्याचा पगार कधी येतो ते त्यालाही ठाऊक नसतं. कागदावर त्याच्याकडे हातमोजे, हेल्मेट, सुरक्षा पट्टा आणि अर्थिंग रॉड आहे. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ वादळाने श्रीवर्धन-अलिबागकडचे खांब पिळून टाकले तेव्हा बाहेरच्या जिल्ह्यांतून हीच माणसं तिकडे गेली आणि चिखलात खड्डे खणून एकेक खांब उभा करत बसली. त्यांच्याबद्दल वाकडा शब्द काढणार नाही. त्यांचा फोन लागत नाही, ही देवाचीच दया असेल.

२००५ साली जुन्या वीज मंडळाचे तुकडे करून महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण अशा कंपन्या झाल्या, तो निर्णय किती दूरदृष्टीचा होता ते अशा वेळी कळतं. पहिलीने बनवायची, दुसरीने वाहून आणायची, तिसरीने वाटायची. पूर्वी अंधार झाला की मंडळाच्या नावाने सरळ शिवी हासडता यायची. आता आधी बिघाडाचं स्थान निश्चित करावं लागतं.

ग्राहकाला हक्क नाहीत असं कोणी म्हणू नये. केंद्र सरकारने २०२० च्या शेवटच्या दिवशी वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियमच काढले. त्यात २४ तास वीज हा हक्क आहे. लगेच पुढे, शेतीसारख्या वर्गांना वीज नियामक आयोग कमी तास ठरवू शकेल असंही आहे. विश्वासार्हतेचा हिशोब करताना काही मिनिटांच्या आतली खंडितता सोडून द्यायची मर्यादा आयोगाने ठरवावी, अशीही सोय आहे. आपल्याकडे लाइट जाते-येते-जाते-येते आणि तेवढ्यात फ्रिजचा कॉम्प्रेसर गचकतो, तो प्रकार या सोयीत बसतो. लाइट गेलीच नव्हती. फ्रिज मनाने गेला.

शेतकऱ्याच्या जळालेल्या रोहित्रासाठी ४८ तासांची मुदत सगळ्यांना पाठ आहे. मुदत सुरू होते तक्रार नोंदली गेल्यापासून. तक्रार नोंदताना थकबाकीचा विषय निघतो. तो मिटेपर्यंत रोहित्र शिल्लक नसतं. शिल्लक झालं की गाडी नसते. मग वर्गणी काढून ट्रॅक्टर करायचा, रोहित्र आपणच उतरवायचं, दुरुस्तीला पोचवायचं, आपणच परत आणायचं. कांदा तोवर माना टाकतो. पण ४८ तासांचं घड्याळ अजून सुरूच झालेलं नाही, हे कांद्याला कोण सांगणार?

अर्थात आपणही गप्प बसणारे नाही. आपण उपाय काढले. कृषिपंपावर ऑटो स्विच बसवला. लाइट आली की मोटार आपोआप सुरू. रात्री दोन वाजता बिबट्याच्या वाटेवर जायला नको. पटण्यासारखं आहे. पण अख्ख्या शिवारात ऑटो असल्याने लाइट येताच चाळीस मोटारी एका क्षणी सुरू होतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते. रोहित्र तो दणका किती वेळा सोसणार? ते जळतं. कंपनी ओरडून सांगते, ऑटो काढा, कपॅसिटर बसवा. कपॅसिटर बसवलेला असतो, पण त्याची वायर काढून ठेवलेली असते. का, ते विचारायचं नाही. शेजाऱ्यानेही काढलीय.

गावातल्या मंगल कार्यालयाने जनरेटर घेतला आणि चेंजओव्हर स्विचचे पैसे वाचवले. लाइट गेली की जनरेटरची वीज उलट्या वाटेने डीपीत चढते, रोहित्रातून उलटी जाऊन पुन्हा ११ हजार व्होल्ट होते, आणि बंद वाहिनी समजून खांबावर चढलेल्या माणसाला गाठते. वरात मात्र वेळेवर निघते. इन्व्हर्टर, स्टॅबिलायझर, जनरेटर, छतावर सौर पॅनेल : प्रत्येक घर आता एक छोटी वीज कंपनी झालंय. फक्त बिलावरचा स्थिर आकार आणि १६ टक्के वीज शुल्क कोणी आपल्याला भरत नाही.

मुंबईकरांना यातलं काही कळत नाही, आणि न कळो. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची लाइट गेली. कळवा, पडघा, खारघर ही नावं तेव्हा पहिल्यांदा दक्षिण मुंबईच्या कानावर पडली. शहराला अशा वेळी जाळ्यापासून तोडून एकटं जिवंत ठेवायची व्यवस्था १९८१ पासून होती; त्या दिवशी तीही टिकली नाही. लोकल थांबल्या, लिफ्टमध्ये माणसं अडकली, चौकशी समित्या बसल्या. पुढे राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर हल्ल्याचा संशय बोलून दाखवला, त्याचा रोख चीनपर्यंत गेला. केंद्राच्या ऊर्जामंत्र्यांनी सांगितलं, छे, मानवी चूक. काही तासांच्या अंधारासाठी एवढा मान! आमच्याकडे तीन दिवस लाइट गेली तर कारण निघतं खार, घोरपड, नाहीतर कावळ्याने घरट्यात आणलेली तार. एखादा परदेशी शत्रू आमच्या फीडरवरही सोडा ना, गावाची तेवढीच पत वाढेल.

सध्या आशा आहे ती नव्या मीटरवर. केंद्राच्या तीन लाख कोटींच्या योजनेतून २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटर बसवायचे ठरलं. आपल्याकडे आरडाओरडा झाल्यावर सामान्य ग्राहकांसाठी प्रीपेड हा शब्द गळाला आणि पोस्टपेड म्हणून मीटर बसू लागले. भांडण झालं ते बिल वाढेल का यावर. या मीटरचा खरा गुण कोणी सांगितलाच नाही : लाइट जाताना तो शेवटचा एक निरोप कंपनीला धाडू शकतो की, या घरचा पुरवठा बंद झाला. म्हणजे डीपीच्या पलीकडचा अंधार, जो आजवर कुठल्याच रजिस्टरात चढत नव्हता, तो घरागणिक, मिनिटागणिक मोजता येईल.

गावातल्या एका घरी हा मीटर बसला आणि लगेच लाइट गेली. मालकांनी फोन लावला. पलीकडच्या मुलीने अदबीने ग्राहक क्रमांक विचारला, संगणकात पाहिलं आणि म्हणाली, “सर, तुमच्या मीटरकडून सप्लाय बंद झाल्याचा मेसेज आलेला नाही.” मीटर निरोप पाठवतो मोबाइलच्या टॉवरवरून. टॉवरची बॅटरी बसली होती, आणि टॉवरला लाइट येते त्याच डीपीवरून.