कुणी काय वाचलं, ते नाही सांगणार!

"काकू, काल त्या बाल्टिमोरच्या लायब्ररीवाल्या बाईंचं अर्धंच राहिलं."

"कार्ला हेडन! लेक तिकडेच आहे ना माझी, तिच्याकडून सगळं कळतं. शिकागोत पोरांना गोष्टी सांगण्यापासून सुरुवात, आणि 1993 पासून तेवीस वर्षं बाल्टिमोरचं एनॉक प्रॅट वाचनालय चालवलं बाईंनी."

"आणि ते सरकारशी भांडण?"

"ते 2003 चं. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या अध्यक्ष होत्या तेव्हा. पॅट्रिअट कायद्यानं सरकारला कोण कुठलं पुस्तक नेतं ते मागायची मुभा होती, आणि मागितलं तर ग्रंथपालानं तोंड उघडायचं नाही! बाई म्हणाल्या, चालायचं नाही. अ‍ॅटर्नी जनरल अ‍ॅशक्रॉफ्टनी आधी टर उडवली, मग स्वतःच बाईंना फोन केला. जाहीर काय केलं, तर ते कलम अजून एकदाही वापरलेलं नाही!"

"जिरली की!"

"2015 मध्ये फ्रेडी ग्रे हा तरुण पोलिसांच्या ताब्यात जखमी होऊन गेला, तेव्हा बाल्टिमोर पेटलं. चौकातलं औषधांचं दुकान जळालं. समोरची वाचनालयाची शाखा दुसऱ्या दिवशी उघडी!"

"मग ओबामांनी उचललं?"

"2016 मध्ये. सिनेटमध्ये 74 मतं बाजूनं, 18 विरुद्ध. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या प्रमुखपदी पहिलीच बाई, पहिलीच कृष्णवर्णीय. तिथली राष्ट्राध्यक्ष मॅडिसनची काचेची बासरी लिझो नावाच्या गायिकेला वाजवायला दिली, तर केवढा गहजब!"

"अगंबाई, फुटली असती म्हणजे?"

"नाही फुटली. नोकरी मात्र गेली. मुदत दहा वर्षांची, पण मे 2025 मध्ये एका संध्याकाळी ट्रम्पकडून ईमेल, आत्तापासून बंद. कारण म्हणे मुलांसाठी नको ती पुस्तकं ठेवली."

"ठेवली होती?"

"अगं, तिथून तुला-मला पुस्तक घरी मिळतच नाही. आत बसून वाचायचं तरी सोळा वर्षं पूर्ण लागतात!"

"मग आता घरीच?"

"छे! दोन महिन्यांत मेलन फाउंडेशनमध्ये रुजू."

"काकू, तुमचे हे आपल्या वाचनालयाच्या कमिटीवर ना? समोरच्या वहिनी हल्ली पुस्तक कागदात गुंडाळून नेतात. कुठलं, विचारा ना."

"विचारलं. रजिस्टर दाखवणार नाही म्हणाले."

"बरोबरच आहे म्हणा."

"बरोबर कसलं? जाडजूड आहे, पुठ्ठा हिरवा. एवढं मी कागदातूनही पाहिलंय!"