वकील परतले

पेशवाईत दिल्लीस हिंगणे आणि हैदराबादेस गोविंदराव काळे असे मातब्बर वकील असत. आमच्या घराण्याची वकिलात मात्र जर्मनीत, हॅनोव्हरनजीकच्या एका लहानशा गावी वर्षभर होती आणि वकिलाचे वय 16 होते. रोटरीच्या विनिमय योजनेत 15 ते 19 वर्षांची मुले परमुलखातील कुटुंबांत राहावयास जातात आणि तिकडची मुले इकडे येतात. रवानगीपूर्वी गाडी हाकणे, मद्य, मादक द्रव्ये व प्रेम या चार गोष्टींना सक्त मनाई करणारा कागद आला, तेव्हा कलेक्टर कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या आमच्या तीर्थरूपांनी तो चष्मा पुसून दोनदा वाचला आणि 'चौथे कलम साताऱ्यात विनाकागद लागू आहे' असा तोंडी शेरा मारून नातवाच्या हवाली केला.

वकील पहिल्याच रात्री उपाशी निजले. संध्याकाळी सहाच्या सुमारास काळसर पावाचे काप, चीज आणि खारवलेली काकडी पुढे आली. हा पाहुण्याचा फराळ असावा अशा समजुतीने त्यांनी दोन काप घेतले आणि भूक मुख्य भोजनासाठी राखून ठेवली. नऊ वाजता यजमान मंडळी दात घासून निजावयास गेली, तेव्हा कोठे तिकडे 'आबेंडब्रोट' म्हणजे संध्याकाळचा पाव हेच रात्रीचे जेवण असते, हा उलगडा झाला. त्याहून बिकट प्रसंग संबोधनाचा. जर्मन भाषेतही 'तू' आणि 'तुम्ही' असा भेद आहे; परंतु यजमानीणबाईंनी आपणास 'तू' म्हणावे आणि नावाने हाक मारावी, असे आल्या दिवशीच बजावले. ज्या मुलास शेजारच्या काकूंना काकूंखेरीज काही नाव असते याचीच कधी वार्ता नव्हती, त्याची जीभ आईच्या वयाच्या बाईचे नाव घेताना टाळूला चिकटली. आणि आपल्याकडील जुन्या बायकांनी नवऱ्याचे नाव न उच्चारता ज्या कौशल्याने अख्खे संसार केले, त्याच कौशल्याने त्याने समोर जाऊन उभे राहावे आणि घसा खाकरावा, एवढ्या भांडवलावर दोन महिने काढले.

तिकडे त्याला रोज हिंदुस्थानाबद्दल विचारणा होई आणि तो बिनदिक्कत उत्तरे देई. आयुष्यात कधी कढईखालचा जाळ न पाहिलेला हा गृहस्थ, पोहे भिजवतात की नुसते धुतात एवढे आईस दूरध्वनीवर विचारून, वर्गासमोर महाराष्ट्रीय पाककलेवर व्याख्यान देता झाला. प्रत्येक वाक्याचा आरंभ 'आमच्याकडे' असा. पुढे एके दिवशी 'गणितात एक मिळाला' अशी खबर साताऱ्यास थडकली. जर्मन शाळेत 1 हा उत्तमाचा आणि 6 हा नापासाचा अंक, हा खुलासा येईपर्यंत मातोश्रींनी देव पाण्यात ठेवले होते आणि तीर्थरूप, शंभरांपैकी की पन्नासांपैकी, एवढ्याच मुद्द्यावर चौकशी करीत होते.

परतले ते निळा कोट घालून, ज्यावर देशोदेशीच्या सोबत्यांशी अदलाबदल केलेल्या बिल्ल्यांची इतकी दाटी की चालताना मानाच्या बैलासारखा आवाज होई. 'आमच्याकडे' हा शब्द तोच राहिला, मुलूख तेवढा बदलला. आमच्याकडे भर हिवाळ्यातही खिडक्या सताड उघडून खोलीची हवा पालटतात, असे सांगून त्याने रस्त्याची धूळ दोन्ही खोल्यांत घेतली. आमच्याकडे रविवारी कोणी यंत्राने गवतसुद्धा कापत नाही, हे त्याने सकाळी सातला पिठाच्या गिरणीवाल्यास ऐकविले. आमच्याकडे कचऱ्याचे निरनिराळे डबे असतात, रिकामी प्लास्टिकची बाटली दुकानात परत दिली की 25 सेंट हातावर पडतात, हे प्रवचन मातोश्रींनी शेंगा सोलता सोलता निमूट ऐकून घेतले. त्यांच्या घरात साली गाईला, रद्दी वाण्याला आणि डालड्याचा डबा तुळशीला गेल्यावर उरे ती चिमूटभर राख, आणि तीही भांड्यांना लागे. पण तो इतिहास वकिलांच्या दप्तरी नव्हता.

एवढ्यात तिकडचा एक मुलगा आमच्या घरी दाखल झाला. उंची सहा फूट, केस मक्याच्या कणसासारखे. त्याने आठवडाभरात मांडी घालून जेवण्याची कला हस्तगत केली आणि पिठल्यातील मिरची चुकून चावल्यावर डोळ्यांतून धारा वाहत असताना 'आजी, अजून' म्हणून मातोश्रींचे अंतःकरण कायमचे जिंकले. आमचे वकील शाळेत जाताना उंबऱ्यावरून 'च्युस' असे काहीसे पुटपुटत, ज्याचा अर्थ मातोश्रींनी कधी विचारला नाही. परवा दोघे एकदम निघाले. जर्मनाने जोडे घातले, मागे वळून 'येतो, आजी' म्हटले आणि हात पुढे केला. त्यावर दह्याचा थेंब पडला.

'आमच्याकडे जाणारा येतो कशाला म्हणेल?' वकिलांनी टीका केली.

मातोश्रींनी दह्याची वाटी झाकली आणि विचारले, 'तो तुमच्याकडचाच ना रे?'