हापूसतज्ज्ञ

हापूसतज्ज्ञ हा महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय वस्तीत फेब्रुवारीअखेरपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आढळणारा, बहुधा पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ होय. मुंबई, ठाणे आणि पुणे या शहरांत तो विपुल आहे. प्रत्येक सोसायटीत असा किमान एक असतो; दोन असल्यास त्यांचे एकमेकांशी बोलणे मे संपेपर्यंत बंद राहते. स्वतःची बाग असणे ही या पदाची अट नाही. बाग असलेला माणूस आंब्याविषयी बोलू लागला की तुडतुडे, फवारणी, मजुरी आणि माकडे यांच्यापलीकडे सहसा जात नाही. साल, सुगंध, देठ आणि गराचा पोत यांवर अधिकारवाणीने बोलायला निवांतपणा लागतो. तो कोकणापासून लांब राहणाऱ्यालाच परवडतो.

हा मनुष्यप्रकार निर्माण होण्याचे कारण खुद्द फळातच आहे. द्राक्ष तोंडात टाकून पाहता येते, कलिंगडाला टिचकी मारता येते. हापूस मात्र कापल्याखेरीज कळत नाही, आणि कापेपर्यंत पैसे देऊन झालेले असतात. वरून सोनेरी, निर्दोष दिसणाऱ्या फळात कोयीलगत पांढरट, बेचव आणि आंबूस गर निघू शकतो. त्याला साका म्हणतात. जमिनीच्या तापलेल्या कातळाची झळ हे त्याचे एक कारण सांगितले जाते. फळ झाडावर असतानाच आतली कोय रुजण्याच्या तयारीला लागते, असे दुसरे स्पष्टीकरण आहे. कारण कोणतेही असो, बाहेरून खूण काहीच दिसत नाही. जिथे खूण दिसत नाही तिथे ती आपल्याला दिसते असे सांगणारा माणूस तयार होतो.

या अडचणीवर शास्त्रीय उपाय निघालेला आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ ही जात तयार केली. १९८१ मध्ये आलेल्या या जातीत साका होत नाही. त्यापाठोपाठ रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून, जवळजवळ कोय नसलेली ‘सिंधू’ ही जात १९९२ मध्ये आली. या दोन्हींविषयी तज्ज्ञाचा अभिप्राय एकच असतो : “चांगलाय, पण हापूस नाही.” साका नसलेले फळ घरोघरी पोचले तर पेटी फोडताना चार माणसे श्वास रोखून त्याच्या तोंडाकडे पाहणार नाहीत, ही बाब तो बोलून दाखवत नाही.

तज्ज्ञाच्या हंगामाची सुरुवात एका विधानाने होते : “यंदा आंबा कमी आहे.” कारणे दरवर्षी निराळी असतात. थंडी उशिरा पडली, थंडी लांबली, धुके आले, अवकाळीने मोहोर झडला, किंवा मोहोर भरपूर आला पण फळधारणा झाली नाही. हापूस हे मुळात एका वर्षी भरघोस आणि पुढच्या वर्षी बेताने फळणारे झाड असल्यामुळे हे विधान साधारण निम्म्या वेळा बरोबर ठरते. उरलेल्या वर्षी आंबा मुबलक आला, तर “सगळा एक्स्पोर्टला गेला” हे पुरवणी विधान उपलब्ध असते. वाशीच्या घाऊक बाजारात मुहूर्ताची पेटी आल्याची बातमी आणि तिचा भाव तो घरात मोठ्याने वाचून दाखवतो. त्या भावाने आपण आंबा घेतलेला नाही, याचे समाधान पुढचा महिनाभर पुरते.

प्रत्यक्ष खरेदी पाडव्यानंतर, अनेक घरांत अक्षय्य तृतीयेला होते. त्या दिवशी पितरांना आंबा दाखवल्याखेरीज आपण खायचा नाही, अशी जुनी रीत आहे. चैत्रात भाव उतरलेला नसतो आणि वैशाखात तो उतरू लागतो. त्यामुळे ही रीत पितरांविषयीच्या आदराइतक्याच निष्ठेने भावाविषयीच्या आदरापोटीही पाळली जाते. तोवर चैत्रातल्या हळदीकुंकवाची आंबेडाळ आणि पन्हे यांवर घराचे भागते. कैरीच्या बाबतीत तज्ज्ञ कोणताही दावा करत नाही. कैरी आंबटच असते, हे सर्वांना आधीच ठाऊक असते.

तज्ज्ञाची खरी मालमत्ता म्हणजे ‘आपला माणूस’. हा माणूस देवगडचा किंवा रत्नागिरीचा असतो, निदान त्याची आत्या तिथली असते. माल ‘थेट बागेतून’ येतो. या थेटपणात बागायतदार, त्याच्याकडून झाडे कराराने घेतलेला व्यापारी, टेम्पोवाला आणि तज्ज्ञाच्या मेव्हण्याच्या ऑफिसातला एक सहकारी एवढेच लोक असतात. आपल्या माणसाचा फोन नंबर कोणालाही दिला जात नाही. “तुम्हाला कशाला त्रास, मी मागवून देतो,” असे म्हणून तज्ज्ञ मजल्यावरच्या चार बिऱ्हाडांच्या पेट्यांची जबाबदारी स्वतःवर घेतो. वितरण रात्री साडेदहाला पार्किंगमध्ये होते. हातगाडीवरचे विक्रेतेही हे मानसशास्त्र ओळखून आहेत. एरवी नीट हिंदीत बोलणारा विक्रेता चष्मा लावलेला गृहस्थ जवळ येताच “घरचोच आंबो आसा” एवढे मालवणी बोलतो आणि डझनामागे त्याचे दाम वसूल करतो.

पेटीचे गणित तज्ज्ञ नवख्याला आवर्जून समजावून देतो. लाकडी पेटीत साधारण चारपासून सात-आठ डझनांपर्यंत फळे बसतात. फळ मोठे असेल तर डझन कमी भरतात, म्हणून चार डझनांची पेटी सहा डझनांच्या पेटीपेक्षा मानाची. घरातल्या माणसांची संख्या आणि फळांची संख्या यांचा मेळ घालणाऱ्या गृहिणीला हा मानाचा हिशेब कधीच पटलेला नाही.

भूगोल हा तज्ज्ञाचा दुसरा विषय. देवगडची साल पातळ, रत्नागिरीची किंचित जाड. यावर दोन्हीकडच्या पक्षांची वर्षानुवर्षे झुंज चालू आहे. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात रत्नागिरी आणि सिंधुदुर्गबरोबर रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हेही आहेत. तज्ज्ञ सरकारचा आदर करतो, पण ही यादी दुसऱ्या नावाच्या पुढे वाचत नाही. कर्नाटकातून येणारा हापूस हा त्याचा कायमचा संशयित. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने जात तीच असली, तरी माती आणि हवा वेगळी असल्याने सुगंधात फरक पडतो, आणि तो कोकणच्या नावाने विकला जातो ही तक्रार खरीच आहे. त्यावर तज्ज्ञाने शोधलेली चाचणी म्हणजे पेटीत अंथरलेला कागद. कन्नड वर्तमानपत्र निघाले की फळाकडे न पाहता निकाल दिला जातो. व्यापाऱ्यांना मराठी रद्दीही विकत मिळते, ही शक्यता या चाचणीत गृहीत धरलेली नाही.

इतर प्रांतांत या मनुष्यप्रकाराचे स्थानिक वाण आहेत. मराठवाड्यातला तज्ज्ञ केसरचा असतो. मराठवाडा केसरला २०१६ मध्ये स्वतःचे मानांकन मिळाल्यापासून त्याचा आवाज चढला आहे. गोव्यातल्या तज्ज्ञाला हापूसचा विषयच काढलेला खपत नाही. त्याचे दैवत मानकुराद. २०२३ मध्ये त्यालाही मानांकन लाभल्याने वाद आता कागदपत्रांनिशी घालता येतो. लग्नघरी या सर्वांना एका पंगतीला बसवू नये.

परीक्षेच्या पद्धती ठरलेल्या आहेत. फळ डाव्या हातात घेऊन देठाशी हुंगणे ही पहिली. देठाच्या दोन्ही बाजूंचे खांदे वर आले आहेत का आणि देठाशी खळगा पडला आहे का, हे पाहणे दुसरी. या खुणा फळ पुरते तयार झाल्याच्या असतात आणि बागायतदारही त्या पाहूनच तोड करतात. तिसरी बादलीची. पूर्ण तयार झालेल्या आंब्याची घनता पाण्यापेक्षा किंचित अधिक असल्याने तो बुडतो, कोवळा तोडलेला तरंगतो. या तीन कसोट्यांना आधार आहे. चौथी म्हणजे फळ कानाशी नेऊन हलवणे. तिच्यातून काय कळते याचा खुलासा कोणत्याही तज्ज्ञाने अद्याप केलेला नाही, परंतु बघ्यांवर सर्वाधिक परिणाम तिचाच होतो.

पिकवण्याच्या बाबतीत तज्ज्ञ कडवा असतो. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे. त्याऐवजी इथिलीन वायू दशलक्ष भागांत १०० भागांपर्यंत वापरायला अन्नसुरक्षा नियमांत परवानगी आहे. तज्ज्ञाला तोही चालत नाही. “गॅसवरचा नको, गवतातला पाहिजे,” असे तो बजावतो. पिकू लागलेला आंबा स्वतःच इथिलीन सोडतो आणि पेंढ्याच्या अढीत तोच वायू कोंडून राहून शेजारची फळे पिकवतो. म्हणजे ज्या वायूला दुकानात विरोध असतो त्याची निर्मिती तज्ज्ञाच्या पलंगाखाली आठ-दहा दिवस अखंड चालू असते.

पलंगाखालची ही अढी म्हणजे घरातले संरक्षित क्षेत्र. तिथे मुलांना प्रवेश नाही, मोलकरणीचा झाडू लांबून फिरतो आणि पाहुण्यांची झोप सुगंधाने उडते. तज्ज्ञ रोज रात्री जेवणानंतर गुडघे टेकून एकेक फळ फिरवतो, दाबतो आणि तीन रांगा लावतो : आजचे, उद्याचे, परवाचे. मग घराच्या आंबेभक्षणाला विचित्र वळण लागते. ज्या फळाला डाग पडला आहे ते आधी संपवावे, असा दंडक असतो. डागी फळे संपेपर्यंत चांगल्यांपैकी काहींना डाग पडतो. परिणामी, शहरातला सर्वोत्तम आंबा आणणारे कुटुंब हंगामभर कालचा आंबा खाते. ऐन भरातले निर्दोष फळ त्या घरात फक्त व्याह्यांच्या ताटात दिसते.

खाण्याचा विधीही ठरलेला. आंबे दोन तास पाण्यात पडलेले असतात, ‘उष्णता’ निघून जावी म्हणून. पहिले फळ तज्ज्ञ स्वतः कापतो. फळ चांगले निघाले तर श्रेय आपल्या माणसाला, म्हणजे पर्यायाने त्याला ओळखणाऱ्याला. साका निघाला तर दोष हवामानाचा, टेम्पोचा, अढी उघडी ठेवणाऱ्याचा, किंवा “एवढं एकच तसं निघालं” असा नशिबाचा. सलग चार तशी निघाल्यास ती शेजाऱ्यांच्या पेटीतून चुकून आल्याचे निष्पन्न होते.

तज्ज्ञाच्या पत्नीला आंब्यातले अधिक कळते, परंतु ती तज्ज्ञ या वर्गात मोडत नाही, कारण ती बोलत नाही. रसाला पायरी बरी, हे तिला माहीत असते. साका निघालेल्या फळाचा चांगला भाग काढून बर्फीला आणि गोडीला कमी पडलेल्याचा गर साखर घालून आंबापोळीला कसा वळवावा, हे तिला माहीत असते. पेटी संपून पाहुणे आले की ती नाक्यावरच्या गाडीवरून डझनभर आंबे आणते आणि अढीतल्या उरलेल्या गवतावर मांडून ठेवते. तज्ज्ञ त्यातले एक फळ चाखून “याला म्हणतात बागेतला माल” असा निर्वाळा पाहुण्यांसमोर देतो. हा प्रयोग अनेक घरांत दरवर्षी होतो. निष्कर्ष प्रसिद्ध केले जात नाहीत.

परदेशी स्थायिक झालेला तज्ज्ञ अधिक सोसलेला असतो. अमेरिकेत भारतीय आंब्याला अनेक वर्षे दार बंद होते. ते २००७ मध्ये उघडले, तेही विकिरण प्रक्रियेच्या अटीवर, आणि ती प्रक्रिया सुरू झाली कांद्याच्या लासलगावात. त्यामुळे न्यू जर्सीतल्या तज्ज्ञाचे मत दोन भागांत असते : आंबा उत्तम आहे, आणि तिकडच्यासारखा नाही. लंडनमधल्या तज्ज्ञाच्या बोलण्यात २०१४ चा उल्लेख हमखास येतो. त्या मे महिन्यात फळमाशीच्या कारणावरून युरोपीय संघाने भारतीय आंबा थांबवला होता. ही बंदी २०१५ च्या जानेवारीत उठली, परंतु तोवर एक हंगाम डब्यातल्या रसावर काढावा लागला होता.

वळवाचा पहिला पाऊस पडला की तज्ज्ञाचा कार्यकाल संपतो. “आता आंब्यात राम नाही,” असे तो जाहीर करतो. दमट हवेत फळमाशी वाढून फळात अळी पडते, एवढा या घोषणेला आधार आहे. जूनमध्ये बाजारात येणारा नीलम घरची मंडळी आवडीने खातात, तो ताटात असताना तज्ज्ञ खिडकीबाहेर पाहतो. हंगामाचा हिशेब मांडताना भेट म्हणून दिलेले, नासलेले आणि परीक्षेत कापलेले आंबे वजा न करता एका आंब्याची किंमत काढली जाते. म्हणूनच ती नेहमी बाजारभावापेक्षा कमी निघते. पुढच्या वर्षाचा निर्णय याच आकड्यावर होतो.

पावसाळ्यात हा गृहस्थ धरणांच्या पाणीसाठ्याकडे वळतो आणि गणपतीत उकडीच्या मोदकाच्या पाकळ्या मोजतो. नोव्हेंबरात आफ्रिकेतल्या मलावी देशात पिकलेला हापूस वाशीत दाखल होतो. तज्ज्ञ त्याला हात लावत नाही, पण डझनाचा भाव विचारून ठेवतो.